चोवीस बाटल्यांचे सोवळे

देवघरात कोणाला जागा द्यावी आणि कोणाला देऊ नये, याविषयी मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो. (अधिकारवाणीने मी पूर्वीही बोलत असे, अनुभव तेवढा नव्हता.) निर्णय तसा लहान होता. समईच्या उजव्या अंगाला हातभर जागा रिकामी होती, ती मी माझ्या चिरंजिवाला दिली. पुढे जे घडले त्याला ती हातभर जागाच कारणीभूत झाली.

प्रथम माझ्याविषयी. मी दिनानाथ, मूळ सारसोळे गावचा. सरकारने शेतीच्या मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नोकरी लिपिकाची झाली, परंतु माझे खरे आयुष्य भजनात गेले. गळ्यात तुळशीची माळ घातल्याला एकतीस वर्षे झाली. मद्याचा थेंब जन्मात जिभेला लावला नाही, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरूही दिली नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, आणि हळदीला काय वाहते ते आगरी-कोळी वस्तीत वेगळे सांगावे लागत नाही. अशा प्रत्येक मांडवात जाऊन मी पंधरा वर्षे व्यसनमुक्तीवर बोलत आलो आहे. मी उभा राहिलो की पाच मिनिटांत मांडव रिकामा होतो. ते लोक अंतर्मुख होऊन बाहेर जातात, अशी माझी समजूत होती.

यंदा मला एकच आस होती. गावच्या मंदिरात माघात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर असते. ती भुईला टेकत नाही. कलशपूजन झाल्यावर पहिली वीणा ज्याच्या खांद्यावर येते, त्याच्याकडे गाव वर्षभर आदराने पाहते. एकतीस वर्षांत तो मान माझ्याकडे आला नव्हता. यंदा नावे दोनच होती: एक माझे आणि दुसरे हिरामणचे.

हिरामणने माळ घातली सहा वर्षांपूर्वी. अजून पहाटे खाडीत होडी घालतो. मासे धरतो, विकतो, पण खात नाही. (हे शास्त्रात कोठे बसते ते मी तीन वेळा विचारले आहे.) त्यापूर्वी तो असा प्यायचा, की जेट्टीवरच्या दिव्याचा खांब धरून उभा राहिला तर दिवे आम्हालाही दोन-दोन दिसत, इतका तो खांब हलवी. माझे पारडे जड होते हे उघडच आहे. निवाडा करणार होते भजनी मंडळाचे अध्यक्ष हौसेराव, आणि तोही माझ्याच घरी, द्वादशीच्या सकाळी, एकादशीचा उपवास सोडताना.

आता त्या रविवाराकडे येतो. मी पोथी वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरातून मितेशचा आवाज आला.

"आई, आंघोळ केल्याशिवाय कोणी किचनमध्ये यायचं नाय."

मी पोथी मिटली. आमच्या घरात हे वाक्य बोलणारा एकच मनुष्य आहे, आणि तो पोथी वाचत बसला होता.

मितेश माझा मुलगा. वय तीस, उरणला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. देवाला नमस्कार करतो तो जिन्यावरून उतरता उतरता. तोच मितेश रविवारी नऊच्या आत स्नान करून, केसांवर प्लास्टिकची टोपी घालून, कोपरापर्यंत हात धूत उभा होता. मोठे पातेले, झारा, गाळणी, नळ बसवलेला पांढरा ड्रम, सगळ्यांवर त्याने कसलासा फवारा मारला. मी उंबऱ्यापाशी थांबलो.

"मितेश, हे काय चालले आहे?"

"पप्पा, लांबूनच बोला. कशाला हात लावू नका. बाहेरचा हात लागला ना, तर सगळं वाया."

वाचकहो, मी उंबऱ्यावरूनच हात जोडले. सोवळे म्हणजे काय हे मी या मुलाला तीस वर्षे समजावत होतो. तो आज ते मलाच समजावत होता.

"करतो आहेस काय?"

"गव्हाचं... एक ड्रिंक हाय. एकदम नॅचरल. गहू, जव नि ही फुलं." त्याने सुकी, हिरवट, कडवट वासाची फुले दाखवली.

"कोणासाठी?"

त्याने आईकडे पाहिले. सुमित्राबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, बेसिनमध्ये पाहिले.

"वीस दिवसांनी लागंल. शनिवारी. सगळ्यांसाठीच हाय."

मी बोटांवर तिथी मोजली. वीस दिवसांनी येणारा शनिवार म्हणजे द्वादशी. मंडळ माझ्या घरी येणार तोच दिवस. पोराने तोंडाने काही सांगितले नाही, परंतु मी ओळखले. खरी भक्ती आपली पावले पुसत चालते. (माझा पुतण्या कुंदन याची हळदही त्याच शनिवारी होती, आणि ते मला ठाऊक होते. पण सज्जनाच्या मनात प्रथम चांगलाच विचार येतो. हा सज्जनांचा फार जुना दोष आहे.)

तासभर उकळी झाली. पातेले बर्फाच्या टबात ठेवून झटपट निववले आणि ते पाणी ड्रममध्ये ओतले. मग त्याने एक चिमुकले पाकीट काढले. कात्रीवर फवारा, पाकिटावर फवारा, मगच ते कापले.

"हे काय?"

"यीस्ट. सुकं."

"पावात घालतात ते?"

"त्याच्याच भावकीतलं."

भस्म सोडावे तशी ती भुकटी त्याने वरून अलगद पसरली. ढवळली नाही.

"ढवळायचे नाही?"

"नाय पप्पा. आता याला एकट्याला सोडायचं. त्याचं काम त्याला करू द्यायचं. आपन मधी मधी करायचं नाय."

एवढा वेदान्त माझ्या तोंडून प्रवचनातही निघाला नव्हता. त्याने झाकण लावले, त्यावर पाणी भरलेली एक वाकडी नळी बसवली आणि ड्रम उचलून आपल्या पलंगाखाली न्यायला निघाला. थंड आणि अंधारी जागा हवी, असे म्हणाला.

"देवघरात ठेव," मी म्हणालो.

"नको पप्पा. तिथं नको."

"का?"

"तिथं बरं दिसत नाय."

"देवापुढे कसला संकोच? त्याच्यासाठी केलेले त्याच्यापुढेच असावे."

"अवो, पोरगा नको बोलतोय तर ऱ्हाऊ द्या," सुमित्राबाई म्हणाल्या.

परंतु आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. (तो झाला की प्रत्येक जण आपल्याला हवे ते करतो. या खेपेला मात्र दुर्दैवाने सर्वांनी माझे ऐकले.) ड्रम समईशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला बसलो तो नळीतून आवाज आला: गुळुक. थोड्या वेळाने पुन्हा: गुळुक. मी नाम घ्यावे आणि त्याने हुंकार भरावा. तिसऱ्या दिवशी लय द्रुत झाली. मी टाळ काढले. त्या चार पहाटांइतकी एकाग्रता मला पूर्वी लाभली नव्हती, हे प्रांजळपणे सांगतो. वासही कसा म्हणाल, तर पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. गहू, केळे, लवंग. सत्यनारायणाच्या शिऱ्याला आणखी काय लागते? माझी खात्री पक्की झाली.

सहाव्या दिवशी गुळगुळ थांबली. मी व्याकूळ होऊन उरणला फोन लावला.

"मितेश, त्याचे बोलणे बंद झाले आहे."

"मग झालं पप्पा. बरोबर टायमावर हाय."

दोन दिवसांनी त्याने ते चोवीस बाटल्यांत भरले. बाटल्या तपकिरी होत्या, वरून खटक्याचे बूच. (संशय यायला हवा होता, असे आज लोक म्हणतात. आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे तपकिरी बाटलीतच मिळतात. ती मी जन्मभर दोन चमचे घेत आलो आहे.) प्रत्येकीत त्याने मोजून थोडी साखर घातली.

"ही कशासाठी?"

"आतल्या आत जीव धरतं ते. मोजूनच घालायची, नायतर राडा होतो," असे म्हणून तो ड्यूटीवर गेला.

मी बाटल्यांपुढे बसून राहिलो. पोराची श्रद्धा निर्दोष होती, परंतु विधीत दोन उणिवा होत्या. साखर कारखान्यातली होती, आणि नैवेद्यावर तुळस नव्हती. तुळशीवाचून देव नैवेद्याकडे पाहतसुद्धा नाही. मी पुन्हा स्नान केले, सोवळे नेसलो आणि एकेक बूच उघडून प्रत्येक बाटलीत एक तुळशीपत्र व हरभऱ्याएवढे तीन खडीसाखरेचे खडे सोडले. एक खडाही चालला असता. पण देण्याच्या बाबतीत मी हात आखडत नाही. मितेशला सांगितले नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये.

चाखून मात्र पाहिले नाही. देवाआधी जिभेवर काही ठेवायचे नाही, हा आमच्या घराचा नेम. हा नेम मी मोडला असता तर ही कथा येथेच संपली असती.

द्वादशीला सकाळी आठला मंडळ आले. हौसेराव साताऱ्याकडचे, चाळीस वर्षे वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली आणि आता गावचे भजन वाहतात. त्यांच्यामागे पखवाज घेऊन कमळाकर, आणि शेवटी, खाडीवरून थेट आलेला, हात पुन्हा पुन्हा धुतलेला हिरामण. सर्वांच्या पोटात आदल्या दिवसापासून पाण्याखेरीज काही नव्हते. मितेश रात्रपाळीवरून यायचा होता. मी चोवीस बाटल्या देवापुढे मांडल्या, भोवती पाण्याचे मंडल केले आणि सर्वांच्या सर्व अर्पण केल्या. मग पहिलीचा खटका सोडला.

तोफेसारखा आवाज झाला. बूच तारेवर लोंबकळले, आणि पांढऱ्या फेसाची धार उसळून थेट पंख्याला लागली. पंखा चालू होता. त्याने देव, भक्त आणि पखवाज, सर्वांवर सारखेच शिंपण केले.

"माऊली, कुकर फाटला का?" कमळाकर पखवाजाखालून बोलला.

"कुकर नव्हे. नैवेद्य आहे."

पुढच्या बाटल्या मी परातीत धरून उघडल्या. निम्मे उतू गेले, निम्मे पेल्यांत आले. सोनेरी, गढूळसर, वर चार बोटे फेस. पेले हातात गेले. हौसेरावांनी फेसाकडे पाहिले, मग कमळाकरकडे. कमळाकरने छताकडे पाहिले.

"माऊली," हौसेराव सावकाश म्हणाले, "ह्यो कशाचा परसाद म्हनायचा?"

"गव्हाचा. माझ्या मुलाने वीस दिवस सोवळ्यात सिद्ध केला आहे. घ्यावा. प्रसाद नाकारू नये, उष्टा टाकू नये."

"त्ये बी खरंच," हौसेराव म्हणाले आणि पेला एका दमात रिकामा केला. मिशीवरचा फेस पुसून थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"कसा वाटला?"

"गहू लागतोय."

"केळं घातलंय का?" कमळाकरने विचारले.

"केळे नाही. भाव घातला आहे."

"भाव चांगला उतरलाय," कमळाकर म्हणाला, आणि हौसेरावांनी पेला पुढे केला. "माऊली, अजून हाय का?"

यजमानाने शेवटी घ्यावे म्हणून मी नंतर घेतले. किंचित कडवट, तुळशीचा सुगंध, आणि पोटात उतरताच एक दिव्य ऊब. उरलेले वाया जाऊ नये म्हणून आणखी दोन पेले घेतले. तेवढ्यात माझे लक्ष हिरामणकडे गेले. त्याने पेला कपाळाला लावला आणि तसाच खाली ठेवला होता.

"हिरामण, प्रसाद घेतला नाहीस?"

"मना शुगर हाय दादा. डाक्टरनं गोड बंद केलंय."

"देवाच्या प्रसादाने कोणाची शुगर वाढली?" मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. "वीणा खांद्यावर घ्यायची म्हणतोस आणि प्रसादाला भितोस?"

"चुकलं दादा," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

वीणा माझी झाली, हे मी ओळखले. त्या आनंदात भजन उभे राहिले. कमळाकरचा पखवाज असा धावू लागला की टाळांना मागून हाका मारत जावे लागले. हौसेरावांनी एका चरणापाशी फ्रिजला मिठी मारली आणि त्याला "पांडबा" म्हणून हाक मारली. हा त्यांचा मार्केटातला जुना सोबती असावा. मी उत्स्फूर्तपणे व्यसनमुक्तीवर बोललो. माझ्या आयुष्यातले ते सर्वोत्तम प्रवचन होते. बोलता बोलता मी स्वतःच इतका हेलावलो, की मला भिंत धरावी लागली. भिंतही हेलावली होती.

दारात मितेश उभा होता. त्याने परात पाहिली, पंखा पाहिला, रिकाम्या बाटल्या पाहिल्या.

"पप्पा, किती फोडल्या?"

"अकरा," मी म्हणालो. "ये बाळ. तुझ्या भक्तीचे फळ..."

"भक्ती कसली? बियर हाय ती. कुंदनच्या हळदीला बनवलीवती."

पखवाज थांबला.

मी सुमित्राबाईंकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होते?"

"मना वाटलं तुमाला पन म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्सांनी मानूस जरा मोकळा झाला, पोराच्या हौशीला देवघरात जागा दिली, म्हनून मी शेजारी पेढं पन वाटलं."

मी मटकन खाली बसलो. (बसलोच होतो, असे नंतर कळले.) "आणि आपण?" मी मंडळाला विचारले. "आपल्यापैकी एकालाही चवीवरून कळले नाही?"

कळले म्हणावे, तर चव ठाऊक असल्याची कबुली. कळले नाही म्हणावे, तर अकरा बाटल्या समोर. कमळाकर पखवाजाच्या वाद्या आवळू लागला. हौसेराव फ्रिजपासून दूर झाले.

"माऊली, देवासमोर खोटं न्हाई बोलवत. पयल्या घोटालाच वळखलं. मार्केटात चाळीस वर्सं काढल्यात म्या. पर परसाद म्हनलासा, आन् मग..." त्यांनी पेल्याकडे पाहिले. "मग ग्वाड लागला."

"हिरामण, तू?"

"वास आला तवाच," हिरामण हळूच म्हणाला. "पन तुमच्या घरी, तुमच्या देवापुढं, कसं बोलायचं दादा?"

"ऐका," हौसेराव म्हणाले, आणि त्या अवस्थेतही त्यांचा आवाज स्थिर होता. "आमी वळखून प्यालो. दिनानाथ माऊली न वळखता प्याले. ह्यो गडी वळखून प्याला न्हाई, आन् वळखून बोललाबी न्हाई. चार मानसांत बोलनी खाल्ली, पर यजमानाची लाज राखली. पयली वीना ह्येच्या खांद्यावर."

मी उठलो, दुसऱ्या प्रयत्नात हिरामणपर्यंत पोहोचलो आणि त्याचे पाय धरले. खरे सांगतो, तोल जाऊन मी अर्धा त्याच्या पायांवर आलो होतो. पण उरलेला अर्धा मनापासून आला. त्याने मला उचलून खुर्चीत बसवले आणि लिंबू मागवले. त्या बाबतीत त्याचा अनुभव दांडगा.

एवढा फेस कशाने आला असे मितेशने विचारले, तेव्हा मी तुळस आणि खडीसाखर कबूल केली. राहिल्या तेरा बाटल्या. "खाडीत ओत," मी मितेशला सांगितले, आणि पुढच्याच क्षणी घाबरलो. त्याही देवाला अर्पण झाल्या होत्या. प्रसाद फेकता येत नाही, ठेवता येत नाही, आणि मला तर आता पिताही येत नव्हता.

"मग प्रसादाचं काय करतात पप्पा?" मितेशने निरागसपणे विचारले.

"वाटतात," मी म्हणालो. उत्तर शास्त्रशुद्ध होते.

"मग मी वाटतो ना."

सायंकाळी डोके ताळ्यावर आल्यावर मी कुंदनच्या हळदीला गेलो. सकाळच्या प्रकारानंतर बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरला आहे का, असा प्रश्न मनात आला. परंतु पश्चात्ताप झालेल्या माणसाइतका अधिकार कोणाला असतो? मी मांडवात उभा राहिलो, माइक घेतला आणि व्यसनांवर बोलू लागलो.

आणि पंधरा वर्षांत जे घडले नव्हते ते घडले. एकही तरुण उठला नाही. सगळे हात जोडून बसले होते. काहींचे डोळे पाणावले होते. माझे शब्द अखेर रुजले. वीणा गेली तर गेली, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले. बोलणे संपले तशी पोरांनी रांग लावली आणि एकेक जण येऊन माझ्या पाया पडू लागला. मी प्रत्येकाच्या मस्तकावर हात ठेवला.

शेवटी कुंदन आला. हळदीने पिवळा झालेला, डोळ्यांत अपार आदर. तो वाकला, उठला आणि माझ्या कानाशी लागला.

"काका, मितेश बोलतो त्याच्या नुसत्या बियरला ही टेस्ट येतच नाय. तेवढं सांगा ना, एका बाटलीला तुळस किती नि खडीसाखर किती?"